आवाज भिंतीतून यायला हवा होता

सॉलोमन बुचर नावाचा एक फोटोग्राफर १८८६ पासून नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत घोडागाडी घेऊन हिंडत होता. सरकारकडून जमीन मिळवायला आलेल्या वसाहतकऱ्यांच्या अंगणात गाडी उभी करायची, कुटुंबाला बाहेर बोलवायचं आणि फोटो काढायचा, हे त्याचं काम. स्वतः त्याने शेती करून पाहिली होती, ती जमली नव्हती. फोटोंचा ध्यास मात्र त्याने सोडला नाही. त्याच्या तीन हजारांच्या आसपास काचेच्या निगेटिव्ह आज लिंकन शहरात राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहेत.

फोटोंची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखी आहे. मागे मातीचं बुटकं घर, पुढे खुर्च्यांवर आईवडील, बाजूला मुलं, घोडे किंवा बैल, एखाद्या टेबलावर कापलेलं कलिंगड. एका बाईला आपण मातीच्या घरात राहतो हे दूरच्या आप्तांना कळू द्यायचं नव्हतं. तिने घरातला ऑर्गन अंगणात ओढून आणवला आणि घर सोडून त्या ऑर्गनशेजारी कुटुंबाचा फोटो काढून घेतला. या सगळ्या फोटोंमध्ये मला खिळवून ठेवलं ते घरांच्या दारांनी. उघडं दार म्हणजे नुसता काळा चौकोन. बाहेर माळावरचं लख्ख ऊन, आत दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींमधला अंधार. एका फोटोत दोन्ही दिसणं शक्य नव्हतं.

पुढे संस्थेने त्या काचा फार मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केल्या. संगणकावर अंधार उजळवला तेव्हा काही दारांच्या आतलं सामान दिसू लागलं. शंभराहून अधिक वर्षं ज्या जागी कुणाला काळ्याशिवाय काही दिसलं नव्हतं, तिथे खोली होती. ती काचेवर पहिल्या दिवसापासून उमटलेली होती.

'साक्ष' ही माझी भयकथा इथून सुरू झाली. ती वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं की अमेरिकेच्या सरहद्दीवरची, दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट मराठीत लिहावीशी का वाटली, आपल्याकडच्या वाड्यांत काय कमी होतं. त्याचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे नेब्रास्कातल्या ओमाहाला आले. एच-४ व्हिसावर होते, म्हणजे नोकरी करता येत नव्हती, आणि गाडी चालवता येत नव्हती म्हणून बाहेरही पडता येत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी दिवसच्या दिवस एका खोलीत वारा ऐकत काढले. नेब्रास्काचा वारा झाडांतून येत नाही, कारण वाटेत झाडं फारशी नसतात. तो सलग येतो, एका सुरात. आणि तो थांबला की फ्रिजचा आवाज, नळाचा आवाज, वरच्या मजल्यावर कुणीतरी टाकलेलं पाऊल, हे सगळं फार जवळ वाटायला लागतं. संध्याकाळी नवरा घरी आला की मी आधी पाच मिनिटं बोलतच सुटायचे.

याच काळात ग्रंथालयात मला त्या फोटोंचं आणि त्यांच्याबरोबर जपलेल्या पत्रांचं दालन सापडलं. युराया ओब्लिंजर नावाचा शेतकरी १८७२ मध्ये बायको-मुलीला मागे ठेवून नेब्रास्कात जमीन बघायला आला आणि घरी पत्रं लिहीत राहिला. पुढच्या वर्षी बायको, मॅटी, त्याच्याकडे आली. तिचीही पत्रं आहेत. तिचा सूर तक्रारीचा नाही. आपल्या नव्या मातीच्या घराबद्दल ती माहेरी उत्साहाने लिहिते. १८८० मध्ये बाळंतपणात ती गेली. ती पत्रं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या माळावरच्या बायकांबद्दल मला लिहायचंय. भयकथा लिहायची हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

भीती आली ती घरांच्या बांधणीतून.

त्या भागात लाकूड नव्हतं, दगड नव्हता. होतं फक्त गवत. मैदानी गवताची मुळं सात-आठ फूट, काहींची त्याहूनही खोल जातात. नेब्रास्का विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकात चर खणून या मुळांची चित्रं काढली. ती पाहिली की जमिनीवर दिसणारं गवत हा झाडाचा लहानसा भाग आहे हे लक्षात येतं. या मुळांनी माती इतकी घट्ट बांधलेली असायची की वसाहतकरी खास नांगराने तिच्या फूटभर रुंद, दोन-तीन फूट लांब लाद्या कापायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून एकावर एक रचायचे. त्याला तिकडे सॉड म्हणतात. सोळा बाय वीस फुटांच्या एका घरासाठी जवळजवळ एकरभर जमीन सोलावी लागायची. पहिल्यांदा नांगर घालताना जाड मुळं तटातट तुटल्याचे आवाज यायचे.

छताला पण तीच माती. पाऊस पडला की ते गळायचं, आणि पाऊस थांबल्यावरही गळत राहायचं. छताखाली बायका पातळ मलमल ताणून बांधायच्या, म्हणजे वरून पडणारी माती, किडे आणि कधी कधी साप त्यात अडकावेत. वसंतात छतावर गवत उगवायचं, फुलं यायची.

म्हणजे हे लोक जिवंत भिंतीत राहत होते. कापलेली, उलटी केलेली, पण मुळांसकट असलेली जमीन चारही बाजूंनी उभी, आणि तिच्या आत माणूस. हे लक्षात आल्यावर मी आईला फोन केला, कारण माझं आजोळ धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात होतं. मी लहान असतानाच ते पाडलं, त्यामुळे मला त्यातलं फारसं आठवत नाही. आई त्याच घरात वाढली.

"आई, धाब्याच्या घरात रात्री आवाज कसले यायचे गं?"

"आता हे काय मधेच? जेवलीस का आधी?"

मग ती बोलायला लागली. धाब्यावर खारी माती टाकायची दर उन्हाळ्यात, नाहीतर पावसाळ्यात खैर नाही. रात्री छताच्या सरमाडातून माती झिरपायची, तिचा आवाज अगदी बारीक, कुणीतरी सुपात धान्य घोळल्यासारखा. भिंतीत घूस असायची. तिचा आवाज उशाशी यायचा. "बाहेरचा आवाज दारातून येतो," आई म्हणाली, "पण घुशीचा आवाज भिंतीतूनच येतो. आम्हा पोरांना तो कळायचा. बाहेर कुणी आलं तर आम्ही भीत नव्हतो, पण भिंतीत काही हललं की आईच्या कुशीत."

हे ऐकून माझ्या हातावर काटा आला. कथेचा गाभा आईने असा एका वाक्यात हातात दिला होता. आता मला ते तपासून पाहायचं होतं.

कॉमस्टॉक गावाजवळ, कस्टर काउंटीतच, सॉडचं एक घर अजून उभं आहे. डाउज कुटुंबाने ते १९०० साली बांधलं, १९५९ पर्यंत तिथे लोक राहत होते, आणि नंतर दुरुस्ती करून ते पाहण्यासाठी खुलं केलं. ओमाहाहून निघालं की ग्रँड आयलंडपर्यंत मोठा महामार्ग, तिथून हायवे २. हा रस्ता मला अमेरिकेतल्या कुठल्याही रस्त्यापेक्षा आवडतो. बाजूने रेल्वे धावते, कोळशाच्या लांबच लांब गाड्या जातात, आणि ब्रोकन बो गावाच्या दिशेने जाऊ लागलं की जमीन हळूहळू लाटांसारखी उठायला लागते. पुढे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश सुरू होतो.

घरात शिरल्यावर आधी जाणवला तो गारवा. मग खिडक्यांच्या खोल चौकटी. भिंत जाड म्हणून खिडकीच्या आत एवढी जागा की मूल आरामात बसेल. बायका तिथे फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या. मी नवऱ्याला सांगितलं, तू घराच्या मागे जा आणि मला हाक मार. दार लावून घेतलं आणि मागच्या भिंतीला कान लावला.

काही नाही. बऱ्याच वेळाने हाक आली ती धुराड्याकडून, अगदी दुरून, आणि मग दाराच्या फटीतून. भिंत मुकी होती. तो भिंतीपलीकडे दोन-तीन हातांवर उभा राहून ओरडत होता आणि माझ्या कानाशी नुसती शांतता होती.

मग आम्ही जागा बदलल्या. मी बाहेर उभी राहून त्याला हाका मारल्या. बाहेरून तर ते अधिकच वाईट होतं. आत माझं माणूस आहे, मी ओरडतेय, आणि माझा आवाज त्या भिंतीत जिरून जातोय.

परतीच्या वाटेवर गाडीतच मी वहीत लिहिलं: बाहेरच्याचा आवाज भिंतीतून येऊ शकत नाही. म्हणून भिंतीतून आलेला आवाज बाहेरच्याचा नसतो.

यानंतर मला हवी होती एक रात्र, ज्या रात्री बाहेर कुणीतरी असेल आणि त्याला दार सापडणार नाही. ती इतिहासाने देऊन ठेवलेली होती. १२ जानेवारी १८८८, गुरुवार. सकाळी हवा इतकी उबदार होती की माणसं जाड कोट न घालता बाहेर पडली, मुलं हलक्या कपड्यांत शाळेत गेली. दुपारी वायव्येकडून वादळ आलं. बर्फ पिठासारखा बारीक, वाऱ्याबरोबर डोळ्यांत, नाकात शिरणारा, आणि पुढे केलेला हात दिसू नये इतका दाट. नेब्रास्काच्या मोठ्या भागात ते नेमकं शाळा सुटण्याच्या सुमारास पोचलं. मृतांचा आकडा साधारण २३५ सांगतात, त्यात मुलं पुष्कळ. म्हणून त्या वादळाला तिकडे शाळकरी मुलांचं वादळ म्हणतात. त्याच्या आठवणी मी मिळतील तेवढ्या वाचल्या. हवेत इतकी वीज साठली होती की चुलीच्या लोखंडाला हात लावला तर ठिणगी उडायची. काही माणसं रात्रभर गवताच्या गंजीत तग धरून राहिली आणि सकाळी उठून उभी राहताच कोसळली. काहींची प्रेतं स्वतःच्याच दारापासून थोड्या अंतरावर सापडली. गोठ्यापर्यंत जाताना कमरेला दोर बांधून जायची पद्धत त्या मुलखात होती. ज्याचा दोर सुटला त्याला दिशा राहत नसे.

कथेतली बाई, बोझेना, बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून आलेली आहे. कस्टर काउंटीच्या परिसरात चेक कुटुंबं खरोखरच वसली होती. तिला इंग्रजी येत नाही. वादळाच्या दुपारी नवरा गोठ्याकडे जातो. रात्री तिला भिंतीवर कुणीतरी चाचपडत फिरतंय असा आवाज येतो. उत्तरेच्या भिंतीपाशी, मग पश्चिमेच्या, मग पुन्हा उत्तरेच्या. ती दिवा खिडकीत ठेवते, तवा बडवते, हाका मारते. पहाटेच्या सुमारास तिला आठवतं की या घरात बाहेरचा आवाज भिंतीतून येत नाही. याच्या पुढचं मला बराच काळ सापडत नव्हतं.

कारण भिंतीत काय आहे, हा प्रश्न होता. आणि सरहद्दीवरच्या अमेरिकन भयकथांमध्ये या प्रश्नाचं एक तयार उत्तर फार काळ चालत आलंय: खाली मूळ रहिवाशांची दफनभूमी आहे, त्यांचे आत्मे सूड घेतायत. मला हे उत्तर नको होतं. यावर मला अगदी स्पष्ट बोलायचंय, कारण कथा वाचून काहींनी तोच अर्थ काढला.

लूप आणि प्लॅट नद्यांच्या काठी पॉनी नावाचे मूळ रहिवासी शतकानुशतकं राहत होते. तेही मातीच्याच घरांत. मोठी, गोल, घुमटासारखी घरं. लाकडी खांब, त्यावर फांद्या, गवत आणि वरून मातीचे थर. दार पूर्वेला. वरच्या धुराड्याच्या भोकातून आकाश दिसायचं, आणि ताऱ्यांचा त्यांचा अभ्यास मोठा होता. मका, वाल, भोपळे पिकवायचे, वर्षातून दोनदा रानगव्यांच्या, म्हणजे बायसनच्या शिकारीला जायचे. रोगराई, शेजारच्या लाकोटांचे हल्ले आणि सरकारचा दबाव यांनी ते खचत गेले. १८७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना उरलेली जमीन सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. पण ते संपलेले नाहीत. त्यांचं राष्ट्र आज तिथे आहे. गेल्या वीसेक वर्षांत त्यांनी जपलेलं मक्याचं बियाणं नेब्रास्कात कर्नी गावाजवळ पुन्हा पेरलं गेलं. ओक्लाहोमात नीट न येणारा तो मका जुन्या मातीत आला. ज्या लोकांचं बियाणं आजही पेरलं जातंय त्यांना मी भूत करणार नव्हते.

मग मी उलटीकडून विचार केला. बोझेनाला इतकी भीती वाटते ती शांततेची. ही शांतता आली कुठून?

युजीन स्मॉली नावाच्या पत्रकाराने १८९३ मध्ये माळावरच्या एकटेपणावर लिहिलं होतं. नव्या राज्यांत शेतकरी आणि त्यांच्या बायकांमध्ये वेडाचं प्रमाण चिंताजनक आहे असं त्याचं निरीक्षण होतं, आणि कारणांमध्ये त्याने घरांमधल्या अंतरावर बोट ठेवलं. युरोपातला शेतकरी गावात राहतो आणि शेतावर कामाला जातो. आपल्याकडेही गावठाण एका जागी, शेतं भोवती. होमस्टेड कायद्याने हे मोडलं. २० मे १८६२ च्या त्या कायद्याने दर दावेदाराला १६० एकर मिळायचे, पण अट अशी की पाच वर्षं त्याच जमिनीवर घर बांधून राहायचं. १६० एकर म्हणजे प्रत्येक बाजू अर्धा मैल. शेजारी हाकेच्या टप्प्यात असणंच शक्य नाही. दूर राहणं हे सक्तीचं होतं.

अलीकडे, २०२२ मध्ये, एका संशोधकाने नेब्रास्का आणि कॅन्ससच्या माळावरच्या ध्वनिमुद्रणांची तुलना शहरांतल्या ध्वनींशी केली. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा की शहरात बारीक आवाज गोंगाटात बुडून जातात. माळावर मागे गोंगाटच नसल्यामुळे प्रत्येक आवाज वेगळा, ठसठशीत ऐकू येतो आणि कान तिकडेच ओढला जातो. पहिल्या हिवाळ्यातला माझ्या नळाचा आवाज मला इथे पुन्हा भेटला.

पण हे मुद्रण आजच्या माळाचं आहे. वसाहतकरी येण्याआधी तिथे काय काय ऐकू येत होतं याची मी यादी करायला घेतली आणि थबकले. बायसनचे लाखालाखांचे कळप होते. १८८० च्या दशकात ते जवळजवळ नाहीसे झाले. लांडगे होते, त्यांना विष घालून मारलं. पॉनींची गावं होती, कुत्री, मुलं, मक्याची शेतं. टोळांचीसुद्धा एक जात होती. १८७५ मध्ये प्लॅट्समथच्या एका डॉक्टराने पाहिलेल्या टोळधाडीची रुंदी शंभर मैलांवर भरली होती, आणि तीच जात पुढे नामशेष झाली. १९०२ नंतर तिचा जिवंत टोळ सापडलेला नाही. २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे टोळ आले तेव्हा आईने मला शेतातून व्हिडिओ पाठवला होता. तो आवाज मी ऐकलाय. तसा आवाजही त्या माळावरून गेला.

म्हणजे बोझेना ज्या शांततेला घाबरते ती निसर्गाची जुनी शांतता नव्हतीच. ती नवीकोरी होती. वीस-तीस वर्षांत तो मुलूख रिकामा करण्यात आला होता आणि मग कागदावर 'रिकामी जमीन' म्हणून वाटला गेला. नेब्रास्काची जवळपास ४५ टक्के जमीन याच कायद्याने वाटली गेली. बोझेनाने हे काही केलेलं नाही. ती स्वतः एका गरीब खेड्यातून आलेली आहे. पण ती राहते त्या रिकामपणात, आणि तिच्या भिंती त्याच जमिनीच्या आहेत.

हे कळल्यावर भिंतीत काय आहे हा प्रश्न सुटला. भिंतीत भिंतच आहे. जमीन. तिला तिच्या आतून कुणी गेलं हे आठवतं आणि जे कुणी आत येतं ते ती धरून ठेवते. माझ्या कथेत नवरा वादळात दार शोधत भिंतीशी येतो आणि भिंत त्याला घेते. द्वेषाने नाही, मुळं जशी मिळेल ते धरतात तशी. त्याचं प्रेत सापडत नाही. वसंतात उत्तरेच्या भिंतीला आतून कोंब फुटतात. बोझेनाला तो ऐकू येतो. रात्री चूल विझली की तो तिच्याशी चेक भाषेत बोलतो, आणि ती उत्तर द्यायला लागते. मैलोन् मैल तिची भाषा बोलणारं दुसरं कुणी नाही. भयकथेत हाच भाग मला लिहायला सगळ्यात जड गेला, कारण तिच्या दृष्टीने तो दिलासा आहे.

भाषेचा एक प्रश्न होता. बोझेनाच्या तोंडी वऱ्हाडी घालावी का, असं एका मित्राने सुचवलं. ती माझी घरची बोली, तिच्यात ही बाई किती जिवंत झाली असती. मी तिचे काही परिच्छेद तसे लिहूनही पाहिले. पण वाचणाऱ्याला मग दारव्हा दिसू लागला असता, आणि मला त्याला कस्टर काउंटीतच ठेवायचं होतं. शेवटी साधी, गावाकडची पण कुठल्याच जिल्ह्याची नाही अशी मराठी ठेवली. वस्तूंची नावं मात्र जिथे आपली होती तिथे आपलीच घेतली. तिथल्या बायका सरपण नाही म्हणून वाळलेलं शेण आणि पिळून घट्ट केलेलं गवत जाळायच्या. त्याला गोवऱ्या म्हणायला मला परवानगी लागत नाही.

शेवट मिळाला सरकारी कागदांत. पाच वर्षं झाली की वसाहतकऱ्याला जमिनीवरचा हक्क सिद्ध करावा लागे. त्याचा छापील अर्ज असायचा. दावेदार आणि दोन साक्षीदार, सहसा शेजारी, प्रश्नांची उत्तरं द्यायचे. घर केवढं आहे, दारं-खिडक्या किती, किती एकर लागवडीखाली आणली, कुटुंबात कोण कोण आहे, दावेदार मधल्या काळात जमीन सोडून कुठे गेला होता का. नेब्रास्काच्या या हजारो फायली स्कॅन झालेल्या आहेत. मी त्या रात्री-रात्री वाचत बसायचे. कोरडे प्रश्न, अडाणी शेजाऱ्यांची आखूड उत्तरं, खाली सह्या, नाहीतर सहीच्या जागी फुल्या. आयुष्याची पाच वर्षं चार ओळींत. बुचरच्या काळ्या दारांइतकेच हे कागद मला बोलके वाटले.

'साक्ष'चा शेवटचा भाग म्हणून मी फक्त हा अर्ज दिलाय. साल १८९०. याच वर्षीच्या जनगणनेच्या अहवालात नोंद झाली की आता सलग अशी सरहद्दीची रेषा उरलेली नाही. कारकून विचारतो, शेजारी सांगतो. घर चौदा बाय अठरा, सॉडचं. दार एक, खिडक्या दोन. तीस एकर नांगरलेली. कुटुंबात कोण? बाई आणि तिचा नवरा. नवरा गैरहजर होता का कधी? नाही. आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तो घरातच होता. त्याला तुम्ही पाहिलंत? याचं उत्तर शेजारी देतो: आम्ही त्याचा आवाज ऐकलाय.

संपादकांनी विचारलं होतं की नवरा मेलाय हे कुठेतरी एका ओळीत स्पष्ट करता येईल का, वाचक गोंधळतील. मी त्यांना डाउजच्या घरातला तो हाकांचा प्रसंग सांगितला आणि ओळ घातली नाही. त्यांनीही मग आग्रह धरला नाही, आणि अर्ज छापताना खरोखरच्या अर्जासारखे रकाने आखून दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आईला मात्र शेवट पटला नाही. तिचं म्हणणं, बाईने जमीन नावावर झाली की विकून टाकावी आणि माणसांत परत जावं. त्या काउंटीतल्या कितीतरी कुटुंबांनी खरंच तेच केलं. बोझेना का जाणार नाही, हे मी आईला फोनवर बराच वेळ समजावलं. ती ऐकून घेते, आणि पुढच्या फोनला पुन्हा तेच विचारते.